निळी वळकटी, नारिंगी वळकटी

९ तारीख, शुक्रवार

तर सगळ्यात आधी कोण टपकलं, तर रेडिओ. पाहुणे माझे, सकाळपासून खिडकीत मान मोडून वाट बघतेय मी, आणि दार वाजवते ही वरच्या मजल्यावरची. हिचं खरं नाव पाटीवर आहे, पण मी मनातल्या मनात रेडिओच म्हणते. बंद करायचं बटण तेवढं बसवायचं राहून गेलंय. धापा टाकत आत आली नि म्हणाली, "अहो, तुमची सून येतेय कोपऱ्यावरून. नात आहे, आणि विजेच्या खांबाएवढा एक माणूस आहे. तिघांच्या पाठीवर गाद्या बांधलेल्या! घर सोडून निघालेत की काय?"

मी म्हटलं, "गाद्या कसल्या? डोंगर चढायला निघालेत. आपल्या इमारतीमागून वाट जाते ना, तीच. दहा-बारा दिवस चालणार आणि तंबूत निजणार."

"मग माणसं घरं कशाला बांधतात?" रेडिओ म्हणाली. हिला बोलण्यात कोण हरवणार!

तेवढ्यात जिन्यात धडाधड आवाज. आमचा जिना अरुंद, वळणावर तर मांजरसुद्धा विचार करून वळतं. नातीने पाठीवरच्या पिशवीखाली ती वळकटी आडवी बांधलेली. (ती मंडळी मॅट म्हणतात. गुंडाळून बांधलेलं अंथरूण म्हणजे वळकटी, त्याला आणखी नवं नाव कशाला?) रंग नारिंगी आणि लांबी केवढी! एक टोक कठड्यात, एक टोक भिंतीला, आणि मधे माझी नात, बाटलीत बूच बसावं तशी. खालून सून ओरडतेय, "तुला सांगितलं होतं, उभी बांध!" नात ओरडतेय, "तू काय काय सांगतेस आणि काय काय सांगत नाहीस!" वरून रेडिओ, "तिरकी हो गं, तिरकी!" शेवटी त्या खांबाने मागून पट्टा जरा उचलला, पोर सुटली ती थेट माझ्या अंगावर, आणि वळकटीचं टोक बसलं रेडिओच्या पोटात. रेडिओ क्षणभर बंद. आल्या आल्या पोरीने आजीचं भलं केलं.

सुनेने मला मिठी मारली ती सोडेचना. मग त्या उंच माणसाकडे हात करून म्हणाली, "आई, हे... आमच्याबरोबर आहेत." नात म्हणाली, "आजी, हे लिफ्ट दुरुस्त करतात. आई दुकानाच्या इमारतीत लिफ्टमध्ये अडकली होती ना, तेव्हा यांनीच बाहेर काढलं." सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्यानंतर हे गृहस्थ डोळे तपासायला दुकानात सारखे येतात म्हणे. चष्मा काही दिसला नाही नाकावर. एवढं तपासून काही निघालं नाही म्हणजे डोळे चांगले असणार, देव करो.

मला माणूस आवडला. जिना चढून आला तर म्हणतो, "इथे लिफ्ट नाही?" मी म्हटलं, "लिफ्ट असती तर तू कामाला आला असतास, पाहुणा झाला नसतास." हसला तर दिव्याला डोकं आपटलं. जन्मभर लोकांना बटणावर वर पाठवायचं आणि स्वतः रजा काढून डोंगर पायी चढायचा, कमाल आहे.

मी घरात तीन वळकट्या बघून घेतल्या. सुनेची निळी, नातीची ती नारिंगी, लिफ्टवाल्याची हिरवी. हिरवी एवढीशी आखूड! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण याने पाय पाहून अंथरूण तरी घ्यायचं होतं. नातीला तसं म्हटलं तर म्हणाली, "आजी, वजन वाटून घेतलंय. कुणाच्या पाठीवर काय आहे ते बघू नकोस." मी कशाला बघतेय, माझं सूप उतू जात होतं.

मायलेकी आतल्या खोलीत निजल्यात, लिफ्टवाला बाहेर सोफ्यावर. पाय गुडघ्यापासून पुढे हवेत.

१० तारीख, शनिवार

ही वही मला नातीनेच दिली. म्हणाली, "आजी, तू फोनवर दिवसभराचं सगळं सांगतेस आणि माझी परीक्षा असते, त्यापेक्षा लिहीत जा." शाळा माझी चौथीत सुटली, अक्षर माझं मुंग्यांच्या रांगेसारखं. पण सवय लागली. आता बोलतेही आणि लिहितेही.

आज दिवसभर बाहेरच्या खोलीत बांधाबांधीची शाळा. ती वळकटी पिशवीवर बांधायची कुठे, याचं एवढं शास्त्र असेल असं मला वाटलं नव्हतं. खाली आडवी बांधली तर चालताना मांडीला मागून लाथ मारते. बाजूला उभी बांधली तर माणूस एका अंगाला कलतो. वर झाकणाखाली बांधली तर मान मागे जात नाही, डोंगर कसला बघणार! आणि सैल राहिली तर पावलागणिक डुलते. लिफ्टवाला गुडघ्यावर बसून एकेक पट्टा ओढून दाखवत होता. हात काय चपळ! बसल्या बसल्या माझ्या दाराची कडीही नीट केली, न सांगता. ती कडी माझा मुलगा असल्यापासून लटकत होती. तो म्हणायचा, "आई, उद्या बघतो."

मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली. तो असता तर सोफ्यावर बसून या तिघांना हसला असता. कोपऱ्यावर जायलाही बस बघायचा. भिंतीवरच्या फोटोतसुद्धा खुर्चीत बसलाय, उभा फोटोच नाही त्याचा. मात्र बसल्या जागी घर हसतं ठेवायचा.

रेडिओ मागे एकदा म्हणाली होती, "मुलगा गेला की सून येते ती नातवंडांपायी. नात मोठी झाली, की संपलं." तेव्हा मी तिला चहा दिला नाही. पण ते वाक्य खड्यासारखं चपलेत अडकून बसलंय. नात मोठी झाली ना आता.

दुपारी मी बटाटे सोलत होते, सून येऊन शेजारी बसली. सुरी घेतली, पण सोलेना. "आई, मला तुमच्याशी बोलायचंय."

'बोलायचंय' म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. चांगली बातमी कुणी अशी सांगत नाही, चांगली बातमी जिन्यातूनच ओरडत येते. म्हणून मग मीच बोलत सुटले. बसच्या सीटा शिवायच्या कारखान्यात मी होते तेव्हाच्या गोष्टी: मुकादम फोमच्या ढिगावर झोपायचा आणि एकदा आम्ही त्याला झोपेतच रेक्झिनमध्ये शिवून टाकला, ती. तिला ती पाठ आहे. तरी हसली. मग बटाटे संपले.

तिला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. नोकरीचं असेल. दूर कुठे बदली झाली असेल.

११ तारीख, रविवार

आज तिघं सराव म्हणून पहिल्या टेकडीपर्यंत जाऊन आले. रेडिओ माझ्याच खिडकीत बसून बघत होती. "ती दोघं पुढे, पोर मागे," म्हणाली. मी म्हटलं, "पोर झाडं बघत चालते." "हो का," म्हणाली रेडिओ, आणि तोंडाचा चंबू केला. तिचा तो चंबू मला आवडत नाही.

परत आले तर नारिंगी वळकटीला काट्यांनी ठिकठिकाणी चावे घेतलेले. आडवी बांधलेली ना, दोन्ही बाजूंची झुडपं झाडत आली. आणि मायलेकींचं बोलणं बंद! चहा मी तिघांना दिला तर नात म्हणते, "आजी, तिला सांग साखर हवी का." तिला सांग! समोर बसलेल्या आईला!

नंतर त्या स्वयंपाकघरात होत्या आणि मी ओट्याच्या पलीकडे वाकून डबा शोधत होते, त्यामुळे ऐकू आलं. मुद्दाम नव्हे.

नात म्हणाली, "तू काल सांगणार होतीस."

"सांगते गं. आधी ही बांधाबांध होऊ दे."

"तुझी बांधाबांध कधी संपणारच नाही, आई. मी नाही चोरासारखी राहणार या घरात. ते बिचारे दोन दिवस सोफ्यावर घडी करून झोपतायत."

"तुला सोपं वाटतं. माझ्या हातून हे घर गेलं तर? त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"आजी? दार लावणार? आजीचं दार नीट लागत तरी होतं का?"

मी डबा तिथेच ठेवून हळूच सटकले. एवढं कळलं की दोघींचं बिनसलंय आणि भांडण त्या बांधण्यावरूनच आहे. आडवी की उभी, खाली की वर. दाराचं काय ते कळलं नाही. कडी तर आता झक्क लागते.

आता हसू येतं, पण काळजीही वाटते. दहा-बारा दिवस रानात, एका तंबूत, आणि एकमेकींशी बोलायचं नाही? माझी थोरली जाऊ आणि मी एका भांड्यावरून दोन वर्षं बोललो नाही. मग एका लग्नघरी जागा नव्हती म्हणून आम्हाला एकाच गादीवर निजवलं. सकाळी उठलो तर तिचा पाय माझ्या अंगावर आणि माझी चादर तिच्याकडे. कोण कुणाशी अबोला धरणार? एका अंथरुणावर भांडण टिकत नाही, त्याला कूस बदलायला जागाच नसते.

मला एक युक्ती सुचली आहे. उद्या.

१२ तारीख, सोमवार

तिघं बाजारात गेले, डोंगरावर न्यायचं सामान आणायला. दार लागलं तशी मी कपाटातून माझी जुनी पेटी काढली. जाड सुया, अंगुस्तान, कात्री. कारखाना सुटला तरी पेटी मी सोडली नाही. रेक्झिनच्या पट्ट्याही होत्या काही, लाल.

निळी आणि नारिंगी, दोन्ही सोडल्या. जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या. नारिंगी वीतभर लांब निघाली, म्हटलं राहू दे, पोर अजून वाढेल. (विशी ओलांडली तिने. पण आजीच्या मनाला कोण सांगणार.) फोमचं एक आहे, सुई सरळ घातली तर फाटत जातो. म्हणून दोन्ही कडांना आधी पट्टी लावली आणि मग पट्टीला पट्टी जोडली. धावदोराच घातला, कच्चा. म्हटलं पसंत पडली तर पक्की करू, नाही तर दोरा ओढला की मोकळी. गुडघे बोलायला लागले, पण हात? हात अजून कारखान्यातच आहेत. किती दिवसांनी असं काम केलं. एकटीच गात होते.

मधे रेडिओ डोकावली. "हे काय?"

"अंथरूण जोडतेय. मायलेकींचं."

तिने निळीकडे बघितलं, नारिंगीकडे बघितलं, आणि चक्क काही न बोलता वर गेली. बरं नसेल तिला.

वळकट्या परत गुंडाळून जुन्या चादरीत घालून माझ्या पलंगाखाली ठेवल्या. नातीने विचारलं, "मॅट कुठे गेल्या?" मी म्हटलं, "चावे बुजवतेय. उद्या निघताना मिळतील. आजीवर भरवसा ठेवा."

१३ तारीख, मंगळवार

गेले! घर कसं शांत आहे. पण काय सकाळ झाली म्हणून सांगू.

चहा घेऊन तिघं बसले होते. मी पलंगाखालून गाठोडं ओढलं आणि खोलीच्या मधोमध झटकन उलगडलं. निळं, नारिंगी, मधे लाल पट्टी, ऐसपैस.

लिफ्टवाल्याचा कप ओठांजवळ गेला तो तिथेच थांबला. सुनेचा चेहरा भिंतीसारखा पांढरा.

नात म्हणाली, "आजी... तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे नाहीत? चष्म्याच्या दुकानात नोकरी नसली म्हणून काय झालं."

"कधी कळलं तुम्हाला?" सून. आवाज कसा, तर सुईतून दोरा ओढावा तसा.

"पहिल्याच दिवशी. जिन्यातच."

"जिन्यातच!" नात ओरडली. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

सून म्हणाली, "आई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याच माणसापासून तोंड चुकवत फिरायचं? म्हटलं, दोन अंथरुणं जोडून द्यावी, प्रश्न मिटला. डोंगरावर थंडी असते, जवळ निजलं की ऊबही राहते."

लिफ्टवाल्याला ठसका लागला. असा तसा नाही, नातीने पाठीत धपके घातले तेव्हा श्वास आला, आणि धपके घालता घालता ती स्वतःच हसून हसून जमिनीवर लोळायला लागली, त्या नव्या अंथरुणावरच. आणि सून? तिने माझ्या गळ्यात पडून जे रडायला सुरुवात केली! माझा खांदा भिजला. "आई, वर्षभर शब्द शोधतेय मी. आणि तुम्ही... तुम्ही शिवूनच ठेवलंत."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मनात म्हटलं, साध्या धावदोऱ्याला एवढं? पक्का टाका घातला असता तर हिने काय केलं असतं! पण बरं वाटलं हो. कारखान्यात बसच्या सीटा शिवल्या, त्यावर बसून कुणी आनंदाने रडल्याचं ऐकिवात नाही.

लिफ्टवाला उठून उभा राहिला. परत दिवा. डोकं चोळत म्हणाला, "मी नीट सांभाळीन, आई." मलाही आई म्हणतो, गोड आहे. मी म्हटलं, "सांभाळ. ओलं होऊ देऊ नकोस म्हणजे झालं." नात पुन्हा लोळली. या वयात हसायला कारण लागत नाही.

जोडलेली वळकटी गुंडाळली तर पिंपाएवढी झाली. ती त्यानेच घेतली, पिशवीच्या डोक्यावर झाकणाखाली आवळून बांधली. पोरीच्या पाठीला झेपली नसती, खरं आहे. तिने मग ती आखूड हिरवी उचलली. लिफ्टवाला आधीच खांब, वर ते पिंप! दारातून जाताना कमरेत वाकून निघाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे तर विंचवाने माडीही चढवली होती.

जिन्यातून सून परत वर आली, माझा हात घट्ट दाबला, नि गेली. मायलेकी बोलत बोलत उतरत होत्या. माझी युक्ती फळली!

'बोलायचंय'चं मात्र तिने पुन्हा काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

१५ तारीख, गुरुवार

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. कपडे धुतले. सोफ्याच्या फटीत एक लांबलचक मोजा सापडला, धुऊन ठेवला.

आज रेडिओ आली. मी तिला सगळी हकीकत सांगितली, सून कशी रडली ते दोनदा. ती चहात बघत बसली. मग म्हणाली, "तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात."

"त्यात मन कसलं? दोन तास लागले."

"नाही, मी नसते करू शकले. माझ्या पोटच्या पोराच्या जागी..." आणि थांबली. रेडिओ! वाक्याच्या मधे थांबली!

ती गेल्यावर मी खूप वेळ भांडी घासत होते. एकच पातेलं होतं तसं बघितलं तर.

१६ तारीख, शुक्रवार

नातीने फोनवर फोटो पाठवला. मोठा कसा करायचा ते खालच्या दुकानदाराने शिकवलं होतं, दोन बोटं फाकवायची.

डोंगराचा कडा, ऊन, तंबू. तंबूच्या पुढे माझं अंथरूण उन्हाला घातलंय. माझी शिवण मी कुठूनही ओळखेन, लाल पट्टी जरा डावीकडे झुकलीय. निळ्यावर सून बसलीय, हातात कप. नारिंगीवर लिफ्टवाला. पाय लांब सोडलेत आणि ते बरोब्बर नारिंगीच्या टोकापर्यंत पोचलेत. वीतही कमी नाही, वीतही जास्त नाही. पोर बाजूला हिरवीवर, जीभ काढून दाखवतेय. तिला ती हिरवी अगदी मापाची आहे.

मी बोटं फाकवून फाकवून बघितलं. सून हसतेय. असं दात दाखवून हसताना मी तिला कितीतरी वर्षांत बघितलेलं नाही.

नारिंगी नातीची नव्हतीच.

१७ तारीख, शनिवार

लिहायला बसले आणि उठले. परत बसले. आज एवढंच.

१८ तारीख, रविवार

आता लिहिते. वहीशी लपवाछपवी करून काय मिळणार.

पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली. काय काय बोलले मी! जवळ निजलं की ऊब राहते! बिचारा ठसक्याने जायचा. मग राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून रेडिओचा केला, कारण तिला आधी कळलं. आणि मग मुलाच्या फोटोसमोर बसले आणि खरंच वाईट वाटलं. त्याची जागा. सोफ्यावरची, कडीची, सगळीच. लिफ्टवाल्याने कडी नीट केली तेव्हा मी किती खूश झाले होते. उद्या बघतो म्हणणारा उद्या बघणार नाही हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी लटकू दिली होती मी.

मी फोटोला म्हटलं, "बघ, तुझी बायको डोंगर चढतेय."

तो खुर्चीत बसलेला. त्याला मी चांगली ओळखते. तो म्हणाला असता, "आई, मी बसतो इथे तुझ्याजवळ. त्यांना जाऊ दे."

मग एक विचार आला, तो सगळ्यात वाईट. सून समजते की मी समजून उमजून शिवलं. मी तर शिवलं ते दुसरंच. म्हणजे दिलं ते मी दिलेलंच नाही. फोन करून सांगावं का, की बाई गं, म्हातारीची चूक झाली? तसं सांगितलं की तिला परत सुरुवातीपासून शब्द शोधायला लागणार. आणि मी 'हो' म्हणेपर्यंत तिच्या पोटात तो गोळा, जो माझ्या पोटात होता. मला वाटत होतं ती मला सोडून जाईल. तिला वाटत होतं मी तिला दाराबाहेर काढीन. दोघी एकाच ओट्यावर बटाटे सोलत होतो आणि दोघींना भीती एकच.

दुपारी फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला. वारा घोंघावत होता.

"आई! बऱ्या आहात ना? आम्ही वर पोचलो. तुमचं अंथरूण बघून इथले सगळे विचारतात, कुठे मिळतं."

मी म्हटलं, "ऐक. ते अंथरूण. मला तुला एक सांगायचंय म्हणून..."

तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय, आई?"

एवढुसा झाला हो आवाज. लिफ्टमध्ये अडकली तेव्हा असाच झाला असेल.

मी म्हटलं, "टाका सुटला नाही ना?"

"मधे थोडा सुटलाय," ती म्हणाली.

"सुटणारच. कच्चा घातला होता. पसंत पडतं की नाही ते बघायचं होतं."

"कुणाला पसंत?"

"कुणाला म्हणजे? शिवलं कुणी? मला."

मग तिने हळूच विचारलं, "मग पडलं का पसंत?"

मी फोटोकडे बघितलं. फोनमधला नाही, भिंतीवरचा.

"पाय फार लांब आहेत," मी म्हटलं. "पण पडलं. या इकडे, पक्कं करून देते."

आता हे खरंखुरं माझं. अगदी डोळे उघडे ठेवून दिलेलं.

२१ तारीख, बुधवार

रेडिओला विचारायचंच होतं, विचारलंच. "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "अहो, मीच तर शिवून दिलं." चहा संपेपर्यंत रेडिओ बंद. घड्याळाची टिकटिक ऐकू आली मला माझ्याच घरात, त्यासाठी तरी पोरांनी दर वर्षी डोंगरावर जावं.

मग ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना तुम्ही सांगाल तेच लोक म्हणतील. तेव्हा नीट सांगा." ती विचारात पडली. जबाबदारीचं काम आहे, करेल ती.

कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडून मेण लावलेला दोरा आणला, तिच्याकडे अजून रीळ होतं. दिवा टांगायची साखळी आखूड करून घेतली, दुकानदाराने स्टुलावर चढून केली. लांब मोजा घडी घालून ठेवलाय. सोफ्याच्या टोकाला स्टूल लावून बघितलं, वर उशी ठेवली. पाय पुरतील आता.

नातीचा निरोप आला: उतरायला लागलोय, आजी, आईने सांगितलंय भरपूर सूप कर, आणि काकांनी सांगितलंय की वळकटी जिन्यात अडकणार नाही, उभी बांधलीय.

वळकटी म्हणाला. मॅट नाही.

येणार आहेत ते शनिवारी, दुपारच्या आत. तिघंही.